बारा तारखेचे विमान

रविवार, १९ जानेवारी २०२५

मी आकाराम भिवा मेटकरी, वय वर्षे सत्तावन्न, बी.कॉम., एका सहकारी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसचा, म्हणजे हजेरी व पाळ्यांच्या विभागाचा, प्रमुख, राहणार कारखाना वसाहत, इस्लामपूरजवळ. ही वही आजपासून लिहीत आहे. हेतू एकच. माझी पत्नी सौ. मंगल पुढील महिन्यात आमच्या मुलीकडे, पल्लवीकडे, टोरांटोला एकटी विमानाने जाणार आहे. त्या प्रवासाची तयारी, घेतलेले निर्णय आणि त्यांची कारणे लेखी असावीत. तोंडी गोष्टींवर माझा विश्वास नाही.

पल्लवीचे दिवस भरत आले आहेत. तेथील डॉक्टरांनी चोवीस फेब्रुवारी सांगितली आहे, परंतु रक्तदाब चढतो, त्यामुळे त्याआधीही होऊ शकते. दोन वर्षांपूर्वी तिचे पहिले मूल सातव्या महिन्यात गेले. जावई राजवर्धन त्या वेळी गोदामात पाळीवर होता. ती दवाखान्यात एकटी होती. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. तेव्हापासून मंगल एकच वाक्य म्हणते, "पुढल्या बारीला मी तितं असणार."

मला जाता येणार नाही. गाळप हंगाम चालू आहे. हंगामात सलग तीन दिवस रजा मी एकतीस वर्षांत घेतलेली नाही.

मंगल आजवर विमानात बसलेली नाही. मीही नाही.

रविवार, २६ जानेवारी

ध्वजवंदन उरकून दिवसभर तक्ता केला. मुंबई ते टोरांटो हे अंतर सरळ मोजले तर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर भरते. तिकीट मात्र फ्रँकफर्टमार्गे मिळाले आहे, त्यामुळे ते बारा हजार नऊशेच्या आसपास जाते. पल्लवीने पाठवलेल्या तिकिटावर असे आहे: १२ फेब्रुवारी, मुंबई ००:५५, फ्रँकफर्ट ०५:४०, तेथून पुढे १०:१०, टोरांटो १३:००. प्रत्येक वेळ त्या त्या गावची. आपल्या घड्याळाने एकूण बावीस तास पस्तीस मिनिटे. त्यांपैकी हवेत अठरा तास पाच मिनिटे आणि फ्रँकफर्टच्या बाकावर साडेचार तास.

येथून मुंबई विमानतळ तीनशे चाळीस किलोमीटर. गाडीने सात तास. म्हणजे तेवढ्याशा अंतराला सात तास आणि जवळजवळ तेरा हजारांना अठरा. हा हिशेब बरोबर आहे, तरी तो मला स्वस्थ बसू देत नाही.

तक्त्याचा सारांश: १२ तारखेला दुपारी एक वाजता वसाहतीतील शंभूराजच्या भाड्याच्या गाडीने प्रस्थान. रात्री आठ वाजता विमानतळ. आठ ते आठ चाळीस, अंतिम सूचना व निरोप. मध्यरात्र उलटून पंचावन्न मिनिटांनी उड्डाण. १३ तारखेला तेथील दुपारी एक वाजता आगमन. तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवला.

मंगल पदराला हात पुसत आली आणि बराच वेळ वाचत उभी राहिली.

"आवं, रातीचं बारा वाजून गेल्यावरचं इमान हाय न्हवं? मग त्ये अकराच्या राती का बाराच्या?"

प्रश्न स्वाभाविक होता. मी तिला समजावून सांगितले. आमच्या कारखान्यात तिसरी पाळी रात्री बाराला सुरू होते आणि सकाळी आठला संपते. बारा तारखेची तिसरी पाळी म्हणजे बारा तारखेचा दिवस मावळल्यावरची. ती उजाडल्यावर संपली तरी हजेरी, पगार, अपघाताची नोंद, सर्व बारा तारखेलाच पडते. तिकिटावर टोरांटोला पोहोचण्याची तारीखही बाराच छापलेली आहे. अर्थात विमान कंपनीतही प्रवास ज्या तारखेचा, तीच तारीख शेवटपर्यंत ओढतात. पद्धत सर्वत्र सारखी.

"सगळं जग तुमच्या पाळीनं चालतंय व्हय?"

"शिस्तीचे जग चालते," मी म्हणालो.

ती आत गेली. आमटी उतू गेल्याचा वास आला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सासूबाई आटपाडीहून आल्या. मंगल परत येईपर्यंत माझ्या जेवणाखाणाचे त्या पाहणार आहेत. त्यांचे नाव हरणाबाई, वय ऐंशीच्या पुढे, निश्चित नोंद उपलब्ध नाही. सारे तरुणपण मेंढरांमागे चालण्यात गेले. मी त्यांना तक्ता वाचून दाखवला.

"किती मुक्काम?" त्यांनी विचारले.

"मुक्काम नाही, मामी. बावीस तास पस्तीस मिनिटे."

"मग लांब कुटं हाय? कोकणात उतरायला आमाला अठरा मुक्काम लागायचं. पोटुशी बाई वाटंतच बाळात व्हायची न् तिसऱ्या दिशी पुन्यांदा चालायला लागायची. ह्यो तर एक मुक्काम बी न्हाई, जावाय."

"अंतर जवळजवळ तेरा हजार किलोमीटर आहे."

"ते तुमी मोजा. बाईला किती भाकऱ्या बांदायच्या तेवडं सांगा."

भाकरी नेता येईल की नाही, हे मी पल्लवीला विचारले. ती हसली, मग म्हणाली, "बाबा, आईचं विमान बाराला ना?"

"बाराच," मी म्हणालो. "बाराला दुपारी एक वाजता येथून निघणार."

पलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटले, संपर्क तुटला. मग ती म्हणाली, "आईला द्या जरा."

मंगल फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. अठरा मिनिटे बोलणे चालले होते, तेही हळू आवाजात. शेवटचे तेवढे ऐकू आले, "नगं, तू न्हाई. मी सांगते त्येंना." ती बाहेर आल्यावर मी विचारले, काय सांगायचे आहे? ती माझ्याकडे पाहत राहिली. सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मंगल म्हणाली, "लोणच्याचं."

लोणचे बॅगेत न्यायचे असल्यास डबा दुहेरी बंद असावा, अशी सूचना तक्त्यात वाढवली.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज घरात जे झाले ते क्रमाने लिहितो. मंगल सकाळी म्हणाली, "आपण अकरालाच निघू. पुण्यात नाथाजीकडं राहू." नाथाजी तिचा धाकटा भाऊ, मार्केट यार्डात कांद्याचा व्यापार करतो. मी म्हणालो, एक दिवस आधी निघण्याचे कारण काय? वाटेत अडथळा येऊ शकतो म्हणून विमानतळावर जवळजवळ पाच तास राखीव धरलेले आहेत. शिवाय अकरा तारखेला मिल स्वच्छतेसाठी थांबणार, त्या दिवशी मला हलता येणार नाही.

"मग मी एकटी जाते. तुमी बाराला या मागनं."

"तक्ता ठरलेला आहे, मंगल."

"तक्ता ऱ्हाऊ दे की कपाटाला. त्याला कोण काडतंय?"

"तुला माझ्यावर विश्वास नाही काय?"

तिचे डोळे भरून आले होते, की कांदा चिरत होती म्हणून पाणी आले होते, हे मी सांगू शकत नाही. मग ती म्हणाली, "मी अकराला निघणार." मी वर्तमानपत्र उचलले. ते कालचे होते.

एकतीस वर्षांत तिने माझे म्हणणे असे मोडल्याची ही पहिली वेळ. परदेशी जाण्याने माणसात बदल होतो असे ऐकले होते. हा तर निघण्यापूर्वीच झाला. शेवटी असे ठरले: अकराला ती शंभूराजबरोबर पुण्याला जाईल. बाराला मी पहाटेच्या गाडीने पुणे गाठेन आणि तेथून तक्त्याप्रमाणे पुढे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी, दुपारी सव्वादोन

सकाळी मंगल तीनदा म्हणाली, "आज अर्दी रजा काडा की." तिसऱ्या वेळी मी थोडे चढ्या आवाजात सांगितले की मिल थांबली आहे, तीनशे माणसांच्या पाळ्या बदलल्या आहेत, आणि उद्या आपण भेटणारच आहोत. ती उंबऱ्याशी उभी राहून मी वळणापर्यंत जाईतो पाहत होती. सहसा ती असे करत नाही.

एक वाजता गाडी वसाहतीतून निघणार होती. एक वाजून बारा मिनिटांनी ती टाइम ऑफिससमोर येऊन थांबली. मंगल उतरून खिडकीशी आली. नवी निळी साडी, त्यावर पल्लवीने पाठवलेले लोकरीचे जाकीट, या उन्हात. लग्न झाल्यापासून ती माझ्या ऑफिसला कधी आली नव्हती. खिडकीपुढे नऊ कामगार रांगेत होते. ते बाजूला झाले. आमचा कारकून गुंडा उठून उभा राहिला.

"वयनी, आत या की, च्या सांगतो."

"नको भावजी, उशीर हुतोय." मग मला म्हणाली, "आवं, जरा भाईर येता का?"

"रांग आहे, मंगल. काय ते येथेच सांग."

ती रांगेकडे आणि मग माझ्या रजिस्टरकडे पाहू लागली. "तिकीट परत एकदा बघता का?"

"मी सतरा वेळा पाहिले आहे."

कोणीतरी मागे हसले. मंगलने मान हलवली. खिडकीच्या दगडी पट्टीवर तिने हात ठेवला होता, तो उचलला. "बरं. येते मी. गोळ्या येळेवर घ्या. आईला ऐकू कमी येतंय, जरा मोट्यानं बोलत जावा."

"उद्या भेटू," मी म्हणालो.

गाडी गेल्यावर गुंडा म्हणाला, "साहेब, पुण्याला एका रातीसाठी वयनींनी लय निरोप घेतला." मी त्याला पाळीचा तक्ता पुरा करायला सांगितले. गेला एक तास मात्र माझ्याच बेरजा चुकत आहेत. कारण सापडत नाही.

त्याच दिवशी, सातारा बसस्थानक, रात्री सव्वानऊ

घडले तसे लिहितो.

सहा वाजून दहा मिनिटांनी विमान कंपनीचा संदेश माझ्या मोबाईलवर आला: आपले उड्डाण सहा तास पंचेचाळीस मिनिटांत आहे. मी प्रथम तो चुकीचा मानला. मग कागदावर बेरीज केली. सहा दहा अधिक सहा पंचेचाळीस, बारा पंचावन्न. आज. दुसऱ्यांदा केली. गुंडाकडून करून घेतली. मध्यरात्री बारा वाजता बारा तारीख सुरू होते, आणि बारा तारखेचे ००:५५ म्हणजे तिच्या पहिल्या तासातले. जगात कोठेही तिसऱ्या पाळीचा नियम लागू नाही. तो आमच्या कारखान्याच्या कुंपणापर्यंतच आहे.

मी मंगलला फोन लावला. "मंगल, चूक झाली आहे. माझी. विमान आजचे आहे. तू नाथाजीकडून आत्ताच्या आत्ता नीघ."

"मी खंडाळ्याचा घाट उतरले," ती म्हणाली.

"कसे शक्य आहे?" मी विचारले.

"नाथाजीनं तिकीट बघितलं. म्हणाला, आक्का, हे आजचंच हाय. मग थांबलेच न्हाई. तुमी घोर करू नका. येळंत पोचते."

नववीतून शाळा सोडलेल्या नाथाजीला जे एका दृष्टिक्षेपात दिसले ते मला सतरा वेळांत दिसले नाही. परंतु त्या क्षणी मला त्याचे पाय धरावेसे वाटले. केवळ दैवयोगाने ती एक दिवस आधी निघाली होती. पुढची जागा सतरा तारखेपूर्वी नव्हती, हे पल्लवीने आधीच सांगितले होते.

यानंतर मी जे केले त्याचे समर्थन करता येत नाही. मिल थांबलेली असताना मी ऑफिसातून उठलो. गुंडाने मोटारसायकलवरून पेठ नाक्यावर सोडले. वाटेत तो म्हणाला, "साहेब, तुमी पोचंस्तवर इमान ढगात असंल." मलाही ते ठाऊक होते. सहा पन्नासला एस.टी. मिळाली. ती पुण्यालाच अकराच्या सुमारास पोहोचणार. तेथून मुंबई आणखी साडेतीन तास. उड्डाण बारा पंचावन्नला. म्हणजे मी कोणत्याही हिशेबाने पोहोचत नव्हतो. कराडपर्यंत मी हे गणित चार वेळा मांडले आणि चारही वेळा बसमध्येच बसून राहिलो.

आठ पंचेचाळीसला गाडी साताऱ्यात शिरत असताना मंगलचा फोन आला.

"पोचले. शंभूराजनं बॅगा ढकलगाडीवर घालून दिल्या. आता आत जाते. जेवला का?"

"जेवलो," मी म्हणालो. "घरीच आहे."

नेमक्या त्याच वेळी वाहक ओरडला, "सातारा, सातारा! धा मिन्टं थांबल! शिरवळ, पुणेवाल्यांनी उतरू नका रं!"

मी हाताने मोबाईल झाकला, पण उशीर झाला होता.

"साताऱ्यात काय करताय?" तिने विचारले.

मी खिडकीची काच सरकवली आणि परत लावली.

"उतरा तितंच," ती म्हणाली. आवाज फार मऊ होता. "परत जावा. आई भाकरी झाकून बसली असंल. ऐकताय न्हवं?"

मी उतरलो. तक्त्यात निरोपासाठी चाळीस मिनिटे होती. ते बोलणे दोन मिनिटांत संपले. आता इस्लामपूरकडे जाणारी गाडी दहाला आहे. माझ्या बाजूला एक कुटुंब स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेऊन पाचगणीहून उतरले आहे. त्यातील म्हातारे गृहस्थ तिसऱ्यांदा विचारत आहेत की मी कोणाला न्यायला आलो आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

काम केले असे म्हणता येणार नाही. गुंडाने मोबाईलवर नकाशा लावून दिला. त्यात विमान पिवळ्या ठिपक्यासारखे सरकते आणि खाली उरलेले अंतर दिसते. सकाळी फ्रँकफर्टला उतरल्याचा पल्लवीकडून निरोप. मग साडेचार तास काहीच नाही. दुपारी ठिपका पुन्हा हलला. पाच हजार आठशे. पाच हजार दोनशे. समुद्रावर तो एकदा थांबला आणि अकरा मिनिटे हललाच नाही. गुंडा म्हणाला, "साहेब, आपलं नेट गेलंय." नंतर चार हजार शंभर.

सासूबाईंना दाखवले. त्यांनी डोळे बारीक करून पाहिले. "यात मंगल कुटं हाय?"

"त्या ठिपक्यात."

"एकटीच?"

"तीनेकशे माणसे असतील, मामी."

"मग एकटी कशी?" असे म्हणून त्या भाकरी थापायला गेल्या.

मध्यरात्र उलटून एक दहाला, म्हणजे तेरा तारखेला, पल्लवीचा फोन: पोहोचली. आवाज मागे मंगलचा, कोणाला तरी "थ्यांक्यू" म्हणत होती.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आपल्या वेळेने दुपारी एक पन्नास, तेथे पहाटे तीन वीस. मुलगी. दोन किलो सहाशे ग्रॅम. दोघीही सुखरूप.

कळा तेथील संध्याकाळी सुरू झाल्या, अपेक्षेपेक्षा दहा दिवस आधी. बर्फाचे वादळ होते. राजवर्धन गोदामावरून निघून रस्त्यात अडकला आणि बाळ जन्मल्यानंतर दोन तासांनी पोहोचला. तोवर पल्लवीजवळ मंगल होती. पल्लवी म्हणाली, "बाबा, रक्तदाब वाढल्यावर सगळे धावपळ करत होते. आईला एक शब्द कळत नव्हता, पण तिने माझा हात सोडला नाही."

मी कपाटावरच्या तक्त्यासमोर उभा राहून पुन्हा मोजले. त्याप्रमाणे चाललो असतो, तर या वेळी मंगल माझ्यासाठी येथे चहा करत असती आणि पल्लवी दोन वर्षांपूर्वीसारखी एकटी असती. हे वाक्य खोडून टाकावेसे वाटले. खोडलेले नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

रात्री आठ वाजता मंगलचा फोन आला. बाळ झोपले होते. मी ठरवून ठेवले होते ते बोललो. "तारखेची चूक पूर्णपणे माझी होती. नाथाजीचे मी पत्र लिहून आभार मानणार आहे."

"त्याला कशाला पत्र?" ती म्हणाली. "त्यानं काय तिकीट बघितलं न्हाई. मी त्याच्याकडं गेलेच न्हवते."

"मग?"

"मलाच ठाव हुतं."

"केव्हापासून?"

"तुमी कागद चिकटवला त्या दिशीपासनं खटकत हुतं. म्हटलं, तुमी शिकलेलं, माजंच चुकत असंल. मग पल्लवी बोलली तवा पक्कं झालं. ती तुमाला सांगणार हुती. मीच नको म्हटलं. लेकीनं बापाची चूक काडायची, ती बी तुमच्या सासूच्या म्होरं..."

"तू का सांगितले नाहीस?"

"इचारलं हुतं की. तुमी पाळ्या समजावल्या. मग अकराला चला म्हटलं, तर पेपर वाचायला लागला. मग हापिसाला आले." ती थांबली. "तितं तुमी खुर्चीवरनं उठला असता तर बोलले असते. नऊ माणसांदेखत कसं बोलायचं?"

मी उठलो नव्हतो. ही वस्तुस्थिती आहे.

"आणि खरं सांगू?" ती म्हणाली. "गाडी घाटाला लागली तवा वाटलं, बरंच झालं. तुमी असता तर दर टोलनाक्याला किती मिनटं गेली ते सांगितलं असतं. मला जरा गप बसून पोरीचा इचार करायचा हुता. सातारपतोर आला तुमी, ते मातर लय झालं. इमानात बसल्यावर रडले."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पलीकडे बाळ कुरकुरू लागले.

"ठेवते," ती म्हणाली.

"थांब," मी म्हणालो. विचारण्यासारखे काही आठवेना. "तिथे आता किती वाजले?"

"आवं, तुमाला ठाव हाय की."

मला ठाऊक होते. सकाळचे नऊ वाजून चौतीस मिनिटे. तरी मी म्हणालो, "तू सांग."

ती उठल्याचा आवाज आला, बाळाला खांद्यावर घेतल्याचा, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे चालत गेल्याचा. मग तिने सावकाश वाचून सांगितले.

आकाराम भिवा मेटकरी
कारखाना वसाहत, इस्लामपूर
२३ फेब्रुवारी २०२५